आठव्या भागाची पत्रं

मुलुंड पूर्वेच्या पोस्टात बॉक्स घ्यायचं ठरलं तेव्हा रत्नप्रभा तेंडोलकरने सगळ्यांत लहान खण मागून घेतला होता. मालिका नवी, लेखिका-निर्माती नवी, प्रेक्षकांची कार्डं येऊन येऊन येणार किती, असा तिचा साधा अंदाज. सात आठवडे तो खण पुरला. आठव्या भागानंतरच्या मंगळवारी मात्र तिने खण उघडला तर आत फक्त एक चिठ्ठी होती, ‘काउंटरवर भेटणे.’

काउंटरवरच्या कारकुनाने सुतळीने बांधलेला जाड गठ्ठा पुढे सरकवला.

“मॅडम, या गुरुवारी दाखवलंत तरी काय? आमची मंडळी चार दिवस झाले आमच्या आईशी गोड बोलतायत. मला भीती वाटायला लागलीय.”

रत्नप्रभा हसली. गठ्ठा खांद्याच्या पिशवीत टाकला. पिशवीचा बंद खांद्यात रुतला, तो तिला चालताना फार बरा वाटला. घरी येऊन पहिली दहा कार्डं वाचून होईपर्यंत तो आनंद टिकला.

रत्नप्रभा मूळची रसायनशास्त्राची. बी.एस्सी. झाल्यावर मुलुंडच्याच एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने अकरा वर्षं गोळ्या तपासल्या. गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते, एका गोळीत औषध किती मिलिग्रॅम उतरतं, हे मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. दुपारच्या सुट्टीत ती कारखान्याच्या नाटकमंडळासाठी एकांकिका लिहायची. त्या एकांकिका कामगार नाट्यस्पर्धेत तीनदा पहिल्या आल्या, मग एक तासभराचं नाटक दूरदर्शनवर झालं, मग आणखी दोन. शहाऐंशी साली तिच्या तेरा भागांच्या मालिकेला मंजुरी आली आणि तिने नोकरीचा राजीनामा दिला. नवऱ्याने, जयवंतने, तेव्हा एवढंच विचारलं होतं, “तेरा भाग संपल्यावर काय?” ती म्हणाली होती, “पुढचे तेरा.” अंधेरीची एक मसाल्याची कंपनी प्रायोजक मिळाली. तेराचे सव्वीस होणार की नाही, ते त्या कंपनीच्या हातात होतं.

मालिकेचं नाव ‘गच्चीची किल्ली’. चार मजल्यांची एक सोसायटी, गच्चीची किल्ली सेक्रेटरीच्या कमरेला, आणि दर भागात कोणाला तरी त्या किल्लीची गरज पडते. कोणाला पापड वाळवायचे असतात, कोणाला एकट्याने रडायचं असतं. मालिका दर गुरुवारी संध्याकाळी लागे. शेवटी पत्ता दाखवत, आणि मंगळवारपर्यंत कार्डं येत.

ती कार्डांची नोंद ठेवायची. प्रयोगशाळेतल्यासारखंच रजिस्टर, आखलेले रकाने: भाग, एकूण कार्डं, पसंत, नापसंत, शेरा. पहिल्या सात भागांना एकतीस ते सेहेचाळीसच्या दरम्यान कार्डं आली होती.

त्या मंगळवारी ती एकशे त्रेसष्ट होती.

सगळी एकाच प्रसंगाबद्दल. तिसऱ्या मजल्यावरची सून पहिल्यांदाच नोकरीला लागते. सासूला लिहिता-वाचता येत नाही. ती शेजारच्या शाळकरी मुलीकडून फोन फिरवायला शिकते आणि दुपारी खालच्या वाण्याच्या दुकानातून सुनेच्या ऑफिसात फोन लावते. विचारायचं असतं, ‘जेवलीस का?’ पण सुनेचा तो ऑफिसातला, इस्त्री केलेला आवाज ऐकला की सासू घाबरून फोन ठेवते. सहा दिवस असंच. ऑफिसात चिडवाचिडवी सुरू होते, कोण गं हा न बोलणारा. सातव्या दिवशी फोन वाजतो, कोणी बोलत नाही, आणि सून हळूच म्हणते, “जेवले मी, आई. डब्यातली भाजी सगळी संपली.”

बोरिवलीच्या एका शिक्षिकेने लिहिलं होतं: ‘रत्नप्रभाताई, तुम्ही आमच्या घरात कधी डोकावून गेलात?’ घाटकोपरच्या एका रिटायर्ड माणसाने आपल्या मेलेल्या आईबद्दल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की मजकूर पत्त्याच्या बाजूला वळून आला होता. सगळी पत्रं रत्नप्रभाताईंना. आणि रत्नप्रभाताईंनी आठव्या भागातले फक्त तीन शब्द लिहिले होते. कोणते, तेही तिला पाठ होते.

भाग लिहिला होता कमलने.

कमल भालेराव साकीनाक्याला एका पंपांच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. राहायला घाटकोपरला, पंतनगरात. वय सत्तावीस. नाट्यस्पर्धेत रत्नप्रभा परीक्षक असताना कमलची एक एकांकिका तिने पाहिली, दुसरा नंबर दिला, आणि नंतर तिला मदतीला घेतलं. ड्यूटी संपली की कमल मुलुंडला यायची, संहितेच्या कार्बन लावून तीन प्रती काढायची. अक्षर गोल, वळणदार, तिसरी प्रतसुद्धा स्वच्छ. आठव्या भागाच्या आधी रत्नप्रभाला कावीळ झाली. मालाडला मार्व्याचा बंगला शूटिंगसाठी घेऊन ठेवलेला, तारखा पक्क्या. चार दिवसांत कमलने भाग लिहून आणला आणि पलंगाशेजारी बसून वाचून दाखवला.

“हे फोनचं कुठून सुचलं तुला?” रत्नप्रभाने पिवळ्या डोळ्यांनी विचारलं होतं.

“सुचलं कसलं, ताई. आमच्या बोर्डावर रोज येतात असे. उचलला की नुसता श्वास. निम्म्यांना शिव्या घालते मी. निम्म्यांना नाही घालवत.”

रत्नप्रभाच्या मूळ आराखड्यात इथे सासू-सुनेचं भांडण होतं आणि मग समेटाचं दोन पानी भाषण. कमलने भाषण काढून टाकलं होतं. रत्नप्रभा “ठीक आहे” म्हणाली, तीन शब्द बदलले, आणि कमल गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. टायटलच्या पाट्या तेराही भागांसाठी आधीच रंगवून चित्रित झालेल्या होत्या, ‘लेखन-निर्मिती: रत्नप्रभा तेंडोलकर’. कमल स्वतःच म्हणाली होती, “राहू दे हो. एका भागासाठी कुठे पाटी बदलता.”

त्या मंगळवारी संध्याकाळी कमल आली. चपला काढता काढताच तिने विचारलं, “काय म्हणतायत लोक?”

रत्नप्रभा चहा गाळत होती. “आहे की. नेहमीसारखंच.”

“किती?”

“बेचाळीस.”

“बरे आहेत ना मग. आईला फार आवडला. पण आई माझीच ना, तिचं काय धरायचं.” कमलने कार्बन पेपर उचलला, उजेडात धरून पाहिला. “याची वाट लागली, ताई. नवीन घ्या.”

नंतर रत्नप्रभाने रजिस्टरात आठव्या भागापुढे पेन्सिलीने ४२ लिहिलं. अकरा वर्षांत तिने कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. एकदा सुपरवायझरने सांगूनही लिहिला नव्हता, त्यावरून तिची बढती दोन वर्षं लांबली होती. आता तो इतक्या सहज लिहिला गेला, याचंच तिला नवल वाटलं. कार्डं तिने एका बुटांच्या खोक्यात घातली आणि खोकं माळ्यावर, जुन्या रजिस्टरांच्या मागे ठेवलं. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी आली, तीही तिथेच गेली. एकूण दोनशे सदतीस. फाडून टाकावीत असं तिच्या मनात आलं नाही. नोंद फाडत नाहीत, एवढं तिच्या अंगात मुरलेलं होतं.

तिने स्वतःची समजूतही प्रयोगशाळेच्या भाषेतच घातली. एखादी नोंद बाकीच्यांपेक्षा फटकून आली, तर ती चूक असू शकते. मात्र ती लगेच खोडायची नसते. चाचणी पुन्हा करायची.

म्हणून अकरावा भाग तिने स्वतः, एकटीने लिहायला घेतला.

त्या दिवसांत ती कमलकडे वेगळ्याच नजरेने पाहायला लागली. कमल लिहिताना पाय हलवते. स्वतःच्याच वाक्याला हसते. शेंगदाणे खात लिहिते आणि सालं कागदावरून फुंकून टाकते. कमलच्या आठव्या भागाची कच्ची प्रत कपाटात होती, ती काढून रत्नप्रभाने खाडाखोडी मोजल्या. सबंध भागात एकोणीस. मग स्वतःच्या अकराव्या भागाचं एक पान घेतलं. त्या एका पानावर एकतीस. ती किती तरी वेळ ते पान हातात घेऊन बसली. कष्टाने येत नाही असं काही असतं आणि ते शेंगदाणे खाणाऱ्या एका मुलीला आपोआप येतं, हे तिच्या शरीरात कुठेतरी, जेवण अडकावं तसं अडकून बसलं.

अकराव्या भागातही तिने एक न बोलण्याचा प्रसंग घातला. मुलगा घर सोडून गेलाय, आणि तीच सासू त्याच्या चपला पुसून दाराशी मांडते आणि गप्प बसून राहते. नऊ दिवस लागले लिहायला. मार्व्याच्या बंगल्यात शूटिंगच्या दिवशी सासूचं काम करणाऱ्या जानकीबाई चपला हातात घेऊन तिच्याकडे आल्या. चाळीस वर्षं नाटकांत काढलेली बाई, बोलायला सडेतोड.

“रत्नाताई, इथे मी गप्प का बसते?”

“मन भरून येतं म्हणून.”

“हं.” जानकीबाईंनी चपलांकडे पाहिलं. “आठव्यात मी गप्प होते, कारण त्या बाईला बोलायचं काय तेच ठाऊक नव्हतं. इथे तिला ठाऊक आहे आणि तुम्ही बोलू देत नाही. बसते मी, बसायला काय जातंय. पण आठव्यासारखं लिहा ना पुन्हा एखादं. काय सुचलं होतं हो तुम्हाला.”

कमल तिथेच होती, संवादांची वही घेऊन. तिने मान खाली घातली आणि वहीत काहीतरी शोधू लागली. रत्नप्रभाला वाटलं, ती हसतेय. ती हसत नव्हती. पण आपल्याला तसं वाटलं, हे रत्नप्रभाला नंतर किती दिवस बोचत राहिलं.

अकराव्या भागाला एकोणचाळीस कार्डं आली. त्यांतली चार नापसंत. चाचणी झाली.

बाराव्या भागानंतर शिवदासच्या दुकानात निरोप आला. घरी फोन नव्हता, अर्ज करून सहा वर्षं झाली होती, त्यामुळे खालच्या शिवदास वाण्याचाच नंबर ती सगळ्यांना द्यायची. मसाल्याच्या कंपनीचे चंद्रप्रकाशभाई शहा यांनी बोलावलं होतं. पुढच्या तेरांचं ठरवायचंय, सगळी पत्रं घेऊन या.

अंधेरीच्या त्या कारखान्यात शिरलं की नाकात आधी धणे जायचे, मग मिरची. चंद्रप्रकाशभाई तिशीचे, बोलणं मोकळंढाकळं. त्यांनी तिचा गठ्ठा हातात घेतला, मोजायला सुरुवात केली, आणि कंटाळून पॅकिंगमधला काटा मागवला.

“बेन, मोजत कोण बसणार? तोलूया.”

अकरा भागांची कार्डं काट्यावर चढली. तेराशे ग्रॅमना थोडं कमी. रत्नप्रभाने मनात भागाकार केला. कार्डाला तीन ग्रॅम, चारशे तीसच्या आसपास. बरोबर होतं.

“दादरची एक पार्टी आलेली काल. त्यांचे चार किलो,” चंद्रप्रकाशभाई म्हणाले. मग ते गठ्ठा चाळायला लागले, एकेक कार्ड उलटून, जणू काही हरवलंय. “आठव्या भागाची कुठायत?”

“यात...”

“नाहीत. मी मम्मीचं शोधतोय. माझी मम्मी, चंपाबेन. तिने स्वतः लिहून टाकलं होतं आठव्यावर. गुजरातीत. जन्मात टीव्हीला पत्र लिहिलं नाही तिने. रोज विचारते, मिळालं का त्यांना?”

रत्नप्रभाला ते कार्ड आठवलं. निळी शाई, अक्षरं डोक्यावर रेघ नसलेली. तिने एकेक अक्षर लावत ते वाचलं होतं. शेवटी लिहिलं होतं की माझी सून पण नोकरीला जाते, मला पण फोन करायला भीती वाटते.

“आठव्याची वेगळी ठेवलीयत,” ती म्हणाली. “घरी आहेत. मम्मींचं मिळालंय.”

“बघा, मी बोललो ना.” त्यांचा चेहरा खुलला. “शनिवारी घेऊन या. आणि साफ सांगू? बाकीचे भाग ठीक आहेत. आठवा एकदम झकास होता. तसे तेरा लिहून देणार असाल तर पुढचे तेरा आपण नक्की करू. तसे नसतील तर मला पण वर उत्तर द्यावं लागतं, बेन. तेरा गोष्टी थोडक्यात लिहून आणा. आठव्यासारख्या.”

घरी परतताना तिने सगळ्या वाटा तपासून पाहिल्या. कार्डं दाखवली नाहीत तर मालिका तेरावर संपली, आणि तिची नोकरी तर केव्हाच संपली होती. कार्डं दाखवली तर तसे तेरा भाग लागणार होते, आणि तसे भाग तिला लिहिता येत नाहीत हे अकराव्याने सांगितलं होतं. तिसरी वाट सगळ्यांत सोपी होती. कमलकडून लिहून घ्यायचे, पाटी आहे तीच ठेवायची. कमल नाही म्हणाली नसती. ‘राहू दे हो,’ म्हणाली असती. त्या वाटेवरून रत्नप्रभा मनाने बरीच लांब गेली, अगदी पंचविसाव्या भागाच्या कार्डांपर्यंत. सगळ्या कार्डांवर ‘रत्नप्रभाताई’. आणि प्रत्येक कार्ड वाचताना तोंडात तोच कडूपणा. काविळीत पाणीसुद्धा कडू लागायचं, तसा.

स्टुलावर चढून ती खोकं काढत असताना जयवंत बँकेतून आला. एरवी नीट मराठी बोलणारा माणूस, पण चिडवायचं असलं की मालवणीवर यायचा.

“काय गो, माळ्यार काय दडवलंस?”

“पत्रं आहेत.”

त्याने खोकं खाली घेतलं, वरची चार-पाच वाचली आणि पलंगावर बसला. “हा भाग त्या कमलने लिहिला ना?”

“हो.”

“तिला माहितेय, एवढी आलीयत?”

रत्नप्रभा स्टूल जागेवर ठेवायला गेली. परत आली तेव्हा तो तसाच तिच्याकडे पाहत होता. मालवणी संपली होती.

“मला वाटलं, तू सध्या गप्प असतेस ते आजारपणामुळे,” तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी ती शिवदासच्या दुकानात गेली. दुकानात पोहे घ्यायला आलेल्या दोन बायका होत्या, त्या जाईपर्यंत ती गूळ निरखत उभी राहिली. मग साकीनाक्याचा नंबर फिरवला. उचलला गेला. कमलचा तो ऑफिसातला, सपाट, इंग्रजी नमस्कार आला. रत्नप्रभाने तोंड उघडलं आणि तिला काही बोलता येईना. वाक्य तिने घरून ठरवून आणलं होतं.

“हॅलो. बोला पटकन, साहेबांचा ट्रंककॉल यायचाय.” मग थोडं थांबून, “कोण, ताई का?”

“कसं ओळखलंस?”

“तुमच्या वाण्याचा पत्र्याचा डबा वाजतो मागे. काय झालं? बरं नाही का परत?”

“कमल, आठव्या भागाची पत्रं आहेत माझ्याकडे.”

“हो, बेचाळीस.”

“दोनशे सदतीस.”

आता पलीकडून आवाज येईना. दूरवर कुठेतरी यंत्र चालू होतं आणि त्यात कमलचा श्वास. शिवदास साखर तोलत होता, त्याने हात थांबवून रत्नप्रभाकडे पाहिलं.

“जरा लाइन धरा,” कमल म्हणाली. खट्‌ आवाज झाला. रत्नप्रभा लाइन धरून उभी राहिली. ट्रंककॉल आला असावा, किंवा आला नसावा. दीड-दोन मिनिटांनी पुन्हा खट्‌ झालं.

“आईने विचारलं होतं मला, किती आली म्हणून. मी बेचाळीस सांगितली. ती म्हणाली, बेचाळीस माणसं म्हणजे कमी नाहीत, माझ्या लग्नाच्या पंगतीला एवढी नव्हती.” कमलच्या आवाजात राग होता, पण तो तिने ऑपरेटरच्या सवयीने एका पट्टीत धरून ठेवला होता. “का केलंत, ताई?”

“तू माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंस म्हणून.”

हे दुकानात, शिवदासच्या देखत, तिने मोठ्याने म्हटलं. म्हटल्यावर हलकं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही.

मग तिने सगळं सांगितलं. चंद्रप्रकाशभाई, काटा, शनिवार. कमल मध्ये दोनदा “लाइन धरा” म्हणाली आणि दोनदा परत आली.

“लिहीन मी,” शेवटी ती म्हणाली. “तेरा मला एकटीला झेपणार नाहीत, ड्यूटी आहे. निम्मे-निम्मे करू. पण पाटीवर माझं नाव.”

“हो.”

“आणि ते मसालेवाले वाचायच्या आधी मी वाचणार. सगळी. घरी नेऊन.”

“ने.”

“उद्या येते,” म्हणून कमलने फोन ठेवला. नमस्कार न करता ठेवला, हे तिचं पहिल्यांदाच.

शुक्रवारी कमल खोकं घेऊन गेली, दारातूनच. शनिवारी सकाळी परत आणलं, सोबत सहा गोष्टी लिहिलेले कागद. रत्नप्रभाने आपल्या सात जोडल्या. कमलचे डोळे सुजलेले होते. आईला वाचून दाखवत होते, एवढंच ती म्हणाली. ती गेल्यावर रत्नप्रभाने कार्डं मोजली. दोनशे छत्तीस. पुन्हा मोजली, तेवढीच. कोणतं कमी आहे ते तिने शोधलं नाही. रजिस्टरातला ४२ खोडून पेनने २३७ लिहिलं आणि खोडलेल्या जागी, कारखान्याच्या नियमाप्रमाणे, सही केली.

अंधेरीला चंपाबेनचं कार्ड सापडल्यावर चंद्रप्रकाशभाईंनी बाकीची तोललीसुद्धा नाहीत. कमलच्या सहा गोष्टी त्यांनी ओळीने वाचल्या, रत्नप्रभाच्या सातांतल्या दोन वाचून बाकीच्या “छान, छान” म्हणत खाली ठेवल्या. कोणत्या कोणी लिहिल्या, हे त्यांना माहीत नव्हतं. रत्नप्रभाने तेही नोंदलं. रजिस्टरात नव्हे, पण नोंदलं. पुढचे तेरा नक्की झाले.

पाट्या रंगवायला दत्ताराम पेंटर होता. भांडुपला त्याची खोली, चहूबाजूंनी दुकानांचे बोर्ड वाळत ठेवलेले. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने तो मालिकेची नावं काढायचा. त्याने विचारलं, “बाई, लेखनाच्या पाटीवर आता दोन नावं. वर तुमचं, खाली या बाईंचं. दीड इंची अक्षर दोन्हीला?”

रत्नप्रभा पुठ्ठ्याकडे पाहत होती. होय म्हणायला ती आली होती.

“खालचं दोन सूत कमी घ्या, पाव इंच,” ती म्हणाली.

दत्तारामने कानावरची पेन्सिल काढली. “दोन सुतांनी टीव्हीवर काय फरक पडतो, बाई. कोणाला दिसणार पण नाही.”

“मग घ्या की.”

नव्या तेरांतला पहिला भाग लागला त्या गुरुवारी कमलने तिला पंतनगरला घरी बोलावलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. दोन खोल्या, टीव्हीवर विणलेला रुमाल, आणि आईच्या, सुंदराबाईंच्या, हातात एक पोस्टकार्ड. सुंदराबाईंना वाचता येत नव्हतं, पण कार्ड त्यांनी सुलटं धरलं होतं. रत्नप्रभाला दुरूनही ते बारीक अक्षर ओळखू आलं. पत्त्याच्या बाजूला वळलेला मजकूर होता तो.

“बसा, ताई. कमे, खुर्ची दे ताईंना,” सुंदराबाई म्हणाल्या. “तुमच्यामुळे झालं हे सगळं.”

टीव्हीवर गच्चीचं दार उघडलं, संगीत सुरू झालं, पाट्या एकेक करून यायला लागल्या. सुंदराबाई टीव्हीच्या अगदी जवळ सरकल्या.

“यात तुझं कुठलं गं?”

“आलं नाही अजून. थांब. हे. ते वरचं ताईंचं.” कमलने बोट पुढे केलं, पण नजर रत्नप्रभाकडे वळवली नाही. “ते खालचं, बारकं, ते माझं.”

पाटी गेली. पुढची आली, संकलन, छायाचित्रण. रत्नप्रभाच्या हातात चहाचा कप होता, तो तिने खाली ठेवला. दीड इंचात पाव इंच. एक षष्ठांश. तिने हिशेब करून पाहिला होता की एवढं दिसणार नाही. कमलला दिसलं होतं. टीव्हीवर दिसलं की पाहायच्या आधीच ठाऊक होतं, हे विचारायची सोय नव्हती.

“बारकं का गं?” सुंदराबाईंनी विचारलं.

“ताईंना विचार.”

रत्नप्रभा म्हणाली, “पुढच्या गुरुवारी मोठं असेल.”

“मोठं नको,” कमल म्हणाली. “एकसारखं करा.”

“करते.”

पहिला भाग कमलचा होता. सेक्रेटरीची बायको गच्चीच्या किल्लीची नक्कल करून घ्यायला जाते आणि किल्लीवाल्यासमोर खोटं कारण सांगता सांगता तिला खरंच रडू येतं. रत्नप्रभाने तो कागदावर चार वेळा वाचला होता, शूटिंगला पाहिला होता, तरी खाली ठेवलेला चहा ती विसरून गेली. सुंदराबाई पदराने डोळे पुसत होत्या. कमल शेंगदाणे सोलत होती आणि पाय हलवत होती.

दत्ताराम शुक्रवारी खोलीवर असतो, रत्नप्रभाला आठवलं. सकाळी नऊला गाठलं तर संध्याकाळपर्यंत पाटी वाळेल. आणि मंगळवारी पोस्टात जाताना मोठी पिशवी न्यायला लागेल.